वाटेत पाहण्यासारखं

वाटेत कुठं थांबावं, हे विचारायला आमच्या शहरातली माणसं माझ्याकडे येतात. मी पर्यटन खात्याच्या चौकशीच्या खिडकीत बसतो. काचेला खालच्या बाजूला हात जाईल एवढी फट आहे. तिच्यापाशी तोंड नेऊन लोक विचारतात आणि मी 'वाटेत पाहण्यासारखं' हे आमचं माहितीपत्रक बाहेर सरकवतो. नुसतं सरकवत नाही, तोंडपाठ म्हणून दाखवतो. धबधबा कुठल्या वळणावर आहे, कड्यावरून ओरडलं तर आवाज किती वेळा परत येतो, कुलपांचं संग्रहालय किती वाजता उघडतं. म्हणता म्हणता माझे डोळे मिटतात. उघडून बघावं तर समोरचा गेलेला असतो, पण सुरू केलेलं वाक्य मी अर्धवट सोडत नाही.

आता यातली एकही जागा मी स्वतः पाहिलेली नाही, हा मुद्दा काही लोक उगाच मध्ये आणतात. काही लोक म्हणजे माझी बायको. अहो, खिडकीतला माणूस उठून हिंडायला लागला तर खिडकीत बसणार कोण?

शिवाय आमच्या खात्याचा नियमच चोख आहे. पत्रकात नवी जागा घालायची तर साधा अर्ज पुरतो. पण छापलेलं काही काढायचं किंवा बदलायचं झालं, तर अधिकृत कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. आणि जागेवर जाण्यासाठी प्रवासाची तरतूद नाही. पर्यटन खात्यात प्रवासाची तरतूद नाही म्हटल्यावर लोक हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यामुळे आमच्या पत्रकातला एक शब्दही कधी इकडचा तिकडे झाला नाही, याचा मला अभिमान होता. होता, असंच म्हणायला हवं.

तर झालं असं, की आमच्या मुलीने स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं. मुलगा धरणावर इंजिनिअर, सरळ, हसतमुख; आम्हाला एका भेटीत पसंत. मुलाची आई कमी बोलणारी. इतकी कमी, की आमच्या घरी आल्या तेव्हा 'चहा नको' एवढंच बोलल्या आणि तोही त्यांनी प्यायला. मी मनातल्या मनात त्यांना विहीणबाई म्हणायला सुरुवात केली होती. मोठ्याने म्हणायला बायकोची बंदी होती. घोडं अडलं होतं ते वडिलांपाशी. ते निवृत्त हेडमास्तर. निवृत्त हे नुसतं म्हणायला. समोर उभं राहिलं की आपले हात आपोआप पाठीमागे जातात.

"माणूस घरात कळत नाही," हेडमास्तर म्हणाले. "घरात सगळेच नीट वागतात. माणूस कळतो प्रवासात. रविवारी धरणावर मुलाकडे जाऊ. एक वाजता तिथं जेवण. तुम्ही माहितगार, वाटेत काय ते दाखवा. मग मी माझं मत सांगीन."

मुलगा म्हणाला होता की वडिलांचं मन मोडून मी काही करणार नाही. मुलगी त्यावर रागावली होती आणि त्याच गोष्टीसाठी तो तिला आणखी आवडला होता. शनिवारी ती माझ्या खोलीत आली, दाराला टेकून उभी राहिली. "बाबा, उद्या कमी बोला हं. मला तो हवाय. खरंच हवाय." तिचा आवाज असा झालेला मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. हा रस्ता मला पाठ आहे." ती आणखीनच काळजीत पडली.

आमच्या इमारतीत बातमी पसरायला जिना लागत नाही. वरच्या मजल्यावरचे वकील खाली आले आणि म्हणाले, "काहीही होवो, प्रवासात कशावरही सही करू नका." मला ताप आला होता तेव्हाही ते हेच म्हणाले होते. समोरच्या काकूंचा सल्ला असा, की हेडमास्तरांना खिडकीपाशी बसवा, पोट भरलेलं ठेवा आणि तुम्ही झोपेचं सोंग घ्या. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी तर माझा हातच धरला. "तुमच्या त्या धबधब्याला आम्ही गेलो होतो, लग्न झाल्या झाल्या. काय पाणी! नुसतं दूध! तो दाखवा, आणि लग्न ठरलंच समजा." मी आनंदाने इतका फुगलो, की रात्रभर मला मीच पत्रक वाचून दाखवतोय असं वाटत राहिलं.

सकाळी निघालो. गाडी मुलीने चालवायची, कारण मला येत नाही आणि बायकोला येते पण मी शेजारी बसलो की तिला येत नाही. पुढे मानाने हेडमास्तर, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. मागे मी मधोमध, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. माहिती सगळ्यांना सारखी पोचावी म्हणून मध्यभाग मी स्वतःच मागून घेतला होता. गुडघे हनुवटीला लागत होते. पण काय सांगू, शहर संपलं, रस्ता मोकळा झाला, वारा आत घुसला, आणि मला असं भरून आलं की बस! इतकी वर्षं दुसऱ्यांना पाठवलं त्या रस्त्यावर मी स्वतः होतो. "आता उजवीकडे डोंगर दिसेल," मी म्हटलं. आणि दिसला! मी ओरडलोच, "दिसला!" हेडमास्तरांनी मागे वळून पाहिलं.

धबधब्याच्या वळणावर मात्र पाटी होती, 'धबधबा वॉशिंग सेंटर'. तीन गाड्या रांगेत उभ्या. गमबूट घातलेला एक जाडजूड माणूस पुढे आला.

"आम्ही धबधबा बघायला आलोय," मी पुढच्या दोन सीटांमधून मान काढून म्हटलं.

"नुसता बघायचाय की घ्यायचाय? घ्यायचा असेल तर रांगेत लावा."

वरचं सगळं पाणी त्याने पाइपात घातलं होतं. पाइपाचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. मी अत्यंत शांतपणे त्याला सांगितलं, की पत्रकाप्रमाणे पाणी कड्यावरून खाली पडायला हवं. "कड्यावरून पडून काय उपयोग?" तो म्हणाला. "दाब बघा इथं काय आहे!" आणि त्याने तो दाखवला. मागच्या काचा बंद होत्या. पुढची डावीकडची, हेडमास्तरांच्या बाजूची, उघडी होती.

पाणी थांबलं. हेडमास्तरांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते, पण भांग तसाच सरळ. विहीणबाईंनी रुमाल तोंडात कोंबला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत बिचाऱ्या. हेडमास्तरांनी तळहाताने नाक पुसलं.

"धबधबा आहे, हे मान्य."

त्यांना कोरडं काही द्यायला हवं होतं. बायकोने माझ्यासाठी जादा शर्ट घेतला होता, तो पोपटी निघाला, वर पांढरी फुलं. हा शर्ट तिनेच मला आणला होता आणि तीन वर्षं मी तो घालायचं टाळत होतो. हेडमास्तरांनी तो घातला, वरचं बटणसुद्धा लावलं, आणि घड्याळात पाहिलं. आरशात मला मुलीचे डोळे दिसले. मी नजर चुकवली.

पण पुढे कडा होता, आणि कडा काही पाइपात घालता येत नाही, या विचाराने मला पुन्हा हुरूप आला. पत्रकात स्पष्ट लिहिलंय, हाक मारल्यास आवाज सात वेळा परत येतो. गाडी लावून कठड्यापाशी आलो. समोर दरी, पलीकडे दुसरा डोंगर. त्या डोंगरावर आता चार-पाच इमारती होत्या, पण आवाजाला त्याचं काय? मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "ओऽऽऽ!"

क्षणभराने पलीकडून आलं, "काय आहेऽऽऽ?"

"परत आला बघा," मी म्हटलं.

"शब्द बदलून?" हेडमास्तरांनी विचारलं.

पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई दोन्ही हात तोंडाशी धरून उभी होती. "रोज कुणी ना कुणी येऊन बोंबलतंऽऽ! घरात पोरं अभ्यासाला बसलीतऽऽ! लाज नाही वाटत?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हेडमास्तरांसमोर, पोरांच्या अभ्यासात व्यत्यय! मी मागे सरकलो. आणि तेवढ्यात, सकाळपासून एक शब्द न बोललेल्या विहीणबाई कठड्याशी गेल्या, त्यांनीही हात तोंडाशी धरले, आणि असा आवाज काढला की मी दचकून बाजूला झालो.

"तुमचा निळा परकर उडालायऽऽ! टाकीच्या मागेऽऽ!"

"अगं बाईऽऽ!" पलीकडची धावली, परकर धरला, परत आली. राग कुठल्या कुठे पळाला होता. "कुठं चाललात?"

"मुलाकडेऽऽ!"

"लग्न झालंय का त्याचं?"

"ठरतंयऽऽ!"

"मुलगी कशी आहे?"

विहीणबाईंनी वळून माझ्या मुलीकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत नाही, नुसतं तोंडाकडे, आणि सगळा जीव ओतून ओरडल्या, "गोऽऽड आहे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बायकोने माझा दंड घट्ट धरला. इथंच सगळं थांबलं असतं तर फार बरं झालं असतं. पण विहीणबाईंना आता कोण आवरणार! "पण हो म्हणायचं ते यांनीऽऽ!" त्या ओरडल्या. "हिरव्या शर्टातल्यांनीऽऽ!"

एव्हाना पलीकडच्या सगळ्या गच्च्यांवर माणसं जमली होती. अभ्यासाला बसलेली पोरंसुद्धा. आणि सगळ्या दरीतून एकदम आवाज आला, "अहो हिरवा शर्टऽऽ! हो म्हणाऽऽ!" पोरांनी तर तालच धरला.

हेडमास्तर वळले. हात पाठीमागे बांधून ताडताड गाडीकडे गेले आणि दार लावून घेतलं. विहीणबाई एकदम लहान झाल्यासारख्या दिसल्या. मुलगी पांढरीफटक पडली. "बाबा," ती हळू म्हणाली, "संपलं सगळं. आता कुठंही थांबायचं नाही."

मी मान हलवली. माझी माहिती सांगायची इच्छाच मेली होती. पण गाडी सुरू झाल्यावर हेडमास्तर पुढे बघत म्हणाले, "पत्रकात तीन जागा आहेत. तिसरी राहिली. पेपर अर्धवट सोडलेला मला चालत नाही." म्हणजे नापास करायचं तर पूर्ण पेपर तपासून, असा त्याचा अर्थ मी घेतला.

कुलपांचं संग्रहालय म्हणजे रस्त्याकडेचं एक दगडी घर. जाड लोखंडी दार. बेल वाजवली तर घास चावत चावत एक वाळका म्हातारा बाहेर आला, हात खरकटा. "जेवत होतात?" बायकोने विचारलं. "बसा, सावकाश होऊ द्या."

"छे छे! पत्रकात छापलंय ना, रोज दहा ते पाच." त्याने हात धुतला, आम्हाला आत घेतलं. आणि काय सांगू तुम्हाला, तिसऱ्या जागेने माझी लाज राखली! चारी भिंतींवर कुलपंच कुलपं. पितळी, लोखंडी, माशाच्या आकाराची, मुठीएवढी, नखाएवढी. मी हरखून गेलो, माझे डोळे मिटले आणि तोंडातून पत्रक सुरू झालं. "सदर संग्रहालयात विविध काळातील दुर्मीळ कुलपांचा..."

"थांबा," कुलूपवाला म्हणाला. "हा आवाज ओळखीचा आहे."

मी डोळे उघडले.

"फोनवरचा आवाज. 'तशी तरतूद नाही' म्हणणारा." तो माझ्याकडे बघत बघत मागे सरकला. दारापाशी गेला. दार लोटलं. एक भलंमोठं कुलूप कडीत अडकवून दाबलं. खटाक! "हे माझं सगळ्यात लाडकं," तो म्हणाला. "आता करा तरतूद."

मग त्याची कहाणी बाहेर आली. हा माणूस एकटा. बहीण दोन गावं पलीकडे, तीही थकलेली. तिच्याकडे जाऊन एक दिवस राहावं एवढीच त्याची इच्छा. पण पत्रकात छापलंय, रोज दहा ते पाच. "महिना महिना कुणी फिरकत नाही," तो म्हणाला. "पण मी गेलो आणि नेमकं त्याच दिवशी कुणी आलं तर? छापलेलं खोटं पाडायचं का? किती फोन केले मी! सुट्टीचा एक वार छापा म्हटलं. हा गृहस्थ म्हणतो, तशी तरतूद नाही."

"खरंच नाही हो," मी म्हटलं. "अधिकृत कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष जागेवर येऊन..."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही अधिकृत कर्मचारी आहात ना?"

"म्हणजे काय!"

"आणि आत्ता कुठं आहात?"

मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. "जागेवर," मी म्हणालो, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आमच्या खात्यात असं कधी घडलंच नव्हतं!

मग मी पाहणी केली. खरीखुरी, भिंत न् भिंत. खिशातलं पत्रक काढलं. "संग्रहालय यादीतून काढून टाकू?" मी विचारलं. त्याचा चेहरा पडला. "काढू नका हो. मग येणार कोण?" "मग वार सांगा." "सोमवार," तो म्हणाला. मी पेन उघडलं. 'कशावरही सही करू नका' हा वकिलांचा आवाज कानात घुमत होता. पण लिहिलं, 'सोमवारी बंद', आणि खाली झोकदार सही ठोकली. बायकोने टाळ्या वाजवल्या. माझ्या नोकरीत तिने टाळी वाजवावी असं काही पहिल्यांदाच झालं होतं.

कुलूपवाल्याने डोळे पुसले आणि लगबगीने दार उघडायला गेला. चावी फिरवली. फिरवली, ठोकली, तेल घातलं. कुलूप ढिम्म. "याला एक खुबी आहे," तो म्हणाला. "आधी कुठंतरी दाबायचं असतं... आनंदात आठवत नाहीये बघा." मुलाचा फोन आला, मुलगी त्याला म्हणाली, "आम्ही एका खोलीत बंद आहोत. नाही, सगळे. हो, तुझे बाबापण." हेडमास्तरांनी पुढे होऊन कुलपाला दोन सूचना दिल्या, पण त्याने त्या पाळल्या नाहीत. एक वाजून गेला.

"सरका," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांनी अंबाड्यातली पिन काढली, दारापाशी बसल्या, कुलपाला कान लावला. पिन आत गेली, थोडी वळली, अंगठ्याने खाली कुठंतरी दाब. खट्. कुलूप त्यांच्या हातात आलं.

"ताई!" कुलूपवाल्याने हातच जोडले. "कुठं शिकलात हे?"

"घरी," विहीणबाई म्हणाल्या आणि पिन परत खोवली. "आमच्या फडताळाला याच जातीचं आहे, लहान. साखर, बिस्किटं, सगळं आत असतं. शिस्त म्हणून. हे बाहेर गेले की मी उघडते, खाते, परत लावते."

हेडमास्तरांचा आवाज कसाबसा बाहेर आला. "कधीपासून?"

"लग्नापासून."

हेडमास्तर बाहेर पडले आणि रस्त्याकडेने चालत निघाले. आम्ही सगळे गाडीपाशी उभे. मुलगी डोळे पुसत स्टिअरिंगवर जाऊन बसली. कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून मी गेलो. ते मैलाच्या दगडापाशी थांबले होते, पोपटी शर्टात, मान खाली घालून. मी शेजारी उभा राहिलो आणि मुलीचं ऐकून एकदाचा गप्प राहिलो.

"मी म्हटलं होतं, प्रवासात माणूस कळतो," ते म्हणाले. "तुम्हाला पारखायला निघालो होतो मी. आणि कळली कोण? माझीच बायको." त्यांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं. "तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं हो. दरीपार गेला. ओरडताना किती खूश होती ती! आणि मी गाडीत जाऊन बसलो."



"ते कुलूप मी काढणार आहे. पण ते असू दे." त्यांनी हात पाठीमागून सोडवले आणि माझ्यासमोर जोडले. हेडमास्तरांनी! "आमचं घर हे असं आहे. आज तुम्ही सगळं पाहिलंत. हे बघूनसुद्धा तुमची मुलगी येईल का आमच्याकडे?"

इतकी वर्षं खिडकीत बसलेल्या माणसाच्या तोंडून अशा वेळी जे यायचं तेच आलं. "चौकशी करून कळवतो," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला, लांबलचक, थांबेचना. कधी कुणास ठाऊक, गाडी आमच्या पाठीमागेच येऊन उभी राहिली होती आणि मुलगी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली होती.

"कुणाची चौकशी करताय, बाबा? मला विचारताहेत ते! येते मी, काका! येते! आता चला लवकर, तो जेवायचा थांबलाय!"

हेडमास्तर हसले. मोठ्याने, दात दाखवून, अगदी शाळा सुटल्यासारखे. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मिळालं उत्तर," ते म्हणाले. "चला, व्याही."

मी चष्मा पुसत पुसत त्यांच्या मागोमाग गाडीकडे गेलो.